चांगल्या अर्थाचं नाव

“नि याचा अर्थ काय, सर?” असं विचारताना बाईंचा झाडू थांबायचा, पण त्या वाकलेल्याच राहायच्या. बोईसरच्या आमच्या लहानशा चर्चची साफसफाई त्या करत. मी आठवडाभर कारखान्याचं स्टोअर सांभाळायचो आणि रविवारी मुलांना बायबल शिकवायचो.

तुम्ही बायबलातल्या वंशावळी वाचल्या असतील, तर मुलं का जांभया देत ते सांगायला नको. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कुणी. मी मात्र त्या हिब्रू नावांची फोड करायला लागलो की रंगात यायचो. खरं ऐकणाऱ्या बाई एकट्याच.

एकदा लेआची गोष्ट निघाली. याकोबाची ही नावडती बायको. पहिल्या मुलाचं नाव तिने ठेवलं रऊबेन, म्हणजे ‘पाहा, मुलगा’. दुसरा शिमोन, देवाने माझं ऐकलं. तिसरा लेवी, आता तरी नवरा माझ्याशी जोडला जाईल.

“नवऱ्याला सांगता येत नाय, ते पोरांच्या नावात घातलं तिनं,” बाई म्हणाल्या. इतकी पुस्तकं वाचून मला हे सुचलं नव्हतं. “नि तिला पोरगी नव्हती?”

“होती. दीना. पण तिच्या नावाचं कारण दिलेलं नाही.”

“माजं दिलंय,” म्हणून त्या हसल्या.

डोंगराकडच्या पाड्यावर त्या चौथी मुलगी म्हणून जन्मल्या. बापाने नाव ठेवलं, त्याचा अर्थ सरळ ‘नको’. ते नाव मी इथे लिहीत नाही.

पुढे त्यांचा बाप्तिस्मा ठरला. बाप्तिस्म्याला नवं नाव घेता येतं. “मना एक नाव काढून द्या, सर. चांगल्या अर्थाचं.” मी छाती फुगवून हो म्हटलं. महिनाभर ग्रंथ चाळले. हन्ना म्हणजे कृपा, नामी म्हणजे गोड. पण हे फार साधं, ते फार प्रचलित, मिर्यामच्या अर्थावर तर पंडितांचंच एकमत नाही. माझी हौस फिटेना.

बाप्तिस्म्याच्या रविवारी चर्चच्या पाळकांनी विचारलं, “नाव?” बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी अजून दोन नावांत अडकलेलो. कुठलंही एक म्हणालो असतो तरी चाललं असतं. मी मान खाली घातली. बाईंनी आपलं जुनंच नाव सांगितलं आणि सगळ्यांबरोबर मीही ‘आमेन’ म्हणालो.

“ऱ्हाऊ द्या, सर,” त्या नंतर म्हणाल्या. “तुमाला कामं असतात.” मला काही काम नव्हतं. त्या दिवसापासून माझा वर्ग चालू असताना त्यांचा झाडू कधी थांबला नाही. मला लाज वाटायची, आणि तरी माफी मागायला तोंड उघडलं नाही.

मागच्या वर्षी त्या गेल्या. माझं अक्षर बरं म्हणून कबरीच्या क्रुसावर नाव रंगवायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्या मुलीला चाचरत विचारलं, “हन्ना लिहू का? कृपा असा अर्थ आहे.”

“ती कोन?” मुलगी म्हणाली. “आयचं नाव लिवा.”

मी लिहिलं. अक्षर फार सुरेख आलंय, असं सगळे म्हणाले.