पाद्र्याची नोकरी

जपानात, कोबेला, ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या लग्नात मी पाद्र्याच्या पाया पडलो. लग्न लावणारा गोरा म्हातारा, पांढरी दाढी. आपल्याकडची सवय, वाकलो. त्यानेही डोक्यावर हात ठेवून भरघोस आशीर्वाद दिला.

परतीच्या ट्रेनमध्ये तोच माझ्या शेजारी येऊन बसला, झगा पिशवीत कोंबलेला. विचारलं तर म्हणाला, "मी पाद्री नव्हेच." इथे लग्नाच्या हॉलवाल्यांना शोभेपुरता गोरा पाद्री लागतो. हे वधूवरांसकट सगळ्यांना ठाऊक असतं. नव्हतं ते एकट्या मला.

मूळचा तो सोव्हिएत काळातला सिनेनट. "चेहरा परका वाटतो म्हणून जन्मभर मला शत्रूचा अधिकारीच केला," तो मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "प्रत्येक सिनेमात अर्ध्या तासात गोळी खायचो. मग देशच संपला. इथे निदान शेवटपर्यंत जिवंत असतो." बोलताना तो कोटाचं वरचं बटण सारखं लावायचा, काढायचा, गोळी तिथेच लागत असावी.

आता हॉलवाल्यांना तरुण पाद्री हवा होता. "तुम्ही पाया पडलात, तेवढं मॅनेजरला लिहून द्या. नोकरी वाचेल माझी."

म्हणजे मी फसलो, हे मीच लेखी द्यायचं. तरी दिलं, स्टेशनच्या बाकावर बसून. त्याने वाचलं आणि कागद परत केला.

"खाली शिक्षण लिहा. अडाणी माणूस फसला, तर त्यात माझा अभिनय कसला?"

आमच्या घराण्यातली ती पहिली डिग्री. चांगली ठळक अक्षरांत लिहिली.