माठातली ओवी

सूनबाईनं साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर मोठ्या स्पीकरांना जोडला, मोबाइलवरून गाणं लावलं, आणि ढोलकीचा ठोका माझ्या तळपायात शिरला. असा ठोका मी पहिल्यांदा ऐकला तो सणसरच्या घरात, नवी नवरी असताना.

आवाज घुमावा म्हणून आमच्या ह्यांनी टेपचा स्पीकर माठाच्या तोंडावर बसवून ढोलकीचं गाणं लावलं होतं. आणि माठ कुठला, तर सासूबाईंनी उन्हाळ्यासाठी कालच आणलेला, कोऱ्या मातीच्या वासाचा! तेवढ्यात त्या पाणी घेऊन आल्याच. "माझा माठ कुठं हाय गं?" मला वाटलं, आता स्पीकर उकिरड्यावर जाणार. ह्यांनी घाईनं कॅसेट बदलून बटण दाबलं. माठातून सासूबाईंचीच ओवी घुमली, डाळ भरडताना ह्यांनी गुपचूप टेप केलेली.

त्यांनी माठाला कान लावून शेवटपर्यंत ऐकलं. मग लेकाकडं वळल्या, "एवढा गोड गळा हाय माझा, आन् तुमी बापलेक मला गप बस म्हणता व्हय रं?"

तेव्हा मी पदरात तोंड लपवून हसले. आता कळतं, बाईनं जन्मात पहिल्यांदा स्वतःला ऐकलं होतं. त्या उन्हाळ्यात आमी सगळे कोमट पाणी प्यायलो, कारण त्या माठात पाणी काही त्यांनी भरू दिलं न्हाय.