सहा घरं आणि एक सही

नियम मीच केले होते, हे आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कुणी सांगितलं तर जास्त लागेल.

खनिजाचे ट्रक थांबले तशी आमच्या गावातली ड्रायव्हरांची चाळ रिकामी होत गेली. शेवटी उरली एक बाई आणि तिची सहा वर्षांची मुलगी. बाईचं माहेर दोडामार्गकडचं, तिथे आता कुणी उरलेलं नाही. नवरा काम शोधायला म्हणून गेला तो गेलाच. दुसरीकडे संसार थाटल्याची बातमी तेवढी आली. चाळ पाडायला घेतली तेव्हा या दोघी बस-थांब्यावर येऊन बसल्या. मी डिचोलीचा बाजार करून उतरले, तर बाकावर पातेली, गोधडी आणि सुका पाव चावणारी ही पोर. सासरची माणसं पोरीला न्यायला तयार होती. हिला नाही.

"माका कायय नको, बाई," पोरीला जवळ घेत ती मला म्हणाली. मी गावच्या शाळेत शिकवायची, म्हणून सगळ्यांची बाईच. "चेडू माज्याकडे रवांदे, बस."

त्याच दिवशी मी महिला मंडळ बोलावलं. सगळ्यांना कळवळा आला, खोटं कशाला बोलू? तांदूळ आले, चादरी आल्या, पोरीसाठी फ्रॉक आले. पण खोलीचं नाव काढलं नि सगळ्यांची तोंडं शिवली. आमच्या गोव्यात ही भीती निराळीच. दुसऱ्याच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणाऱ्या मुंडकाराला कायद्याने हक्क मिळाला, तेव्हापासून ज्याच्या दोन खोल्या आहेत तोही आल्यागेल्याकडे संशयाने बघतो. "आज बिचारी, उद्या मुंडकार!" हे माझ्या दिराचं वाक्य. घर त्याचं आणि माझ्या वारलेल्या नवऱ्याचं सामाईक. त्याचा शब्द मला झेलावा लागतो, किंवा लागतो असं मी तरी धरून चालते.

मग मला अक्कल सुचली. देवळातली पूजा कशी पाळीने घराघरांत फिरते, तशा या दोघी फिरवायच्या. सहा घरं, एकेक महिना. वेगळी चूल मांडायची नाही आणि कुठल्याही कागदावर कुणाच्या घराचा पत्ता घालायचा नाही. केवढं कौतुक झालं माझं! "बाईंचं डोकं म्हणजे डोकं!" मीसुद्धा फुलले, गाढवीण!

त्या वर्षात तिने सहा घरांची भांडी घासली. राहते ना, मग घासते. आमच्याकडे आल्यावर पोरीने पहिला प्रश्न मला विचारला, "आजये, हय खंयच्या दारान येवचा?" एका घरी पुढून चालायचं, दुसरीकडे मागूनच. हा नळ चालतो, तो नाही. ते ताट घ्यायचं, ते नाही. सहा वर्षांच्या पोरीने हे सगळं पाठ करायचं. गणपतीच्या चवथीला तर घरोघरी पाहुणे, त्या महिन्यात दोघींना नारळाच्या कोठारात झोपवलं. उंदीर होते तिथे. मला माहीत होतं.

वर्ष भरलं आणि पंचायतीने जुन्या बालवाडीची खोली गावातल्या एखाद्या निराधार बाईला द्यायचं ठरवलं. अट एकच. ती वर्षभर गावात राहते, असं कुणातरी घरमालकाने सही करून लिहून द्यायचं. मुदत शनिवारच्या सभेपर्यंत. खोली मिळाली नाही तर काय, तेही ठरलेलं होतं. पोरीला फोंड्याला वसतिगृहात ठेवायचं आणि आईने वास्कोला एका घरी चोवीस तासांचं काम धरायचं. त्या घरी मूल चालत नव्हतं.

ती कागद घेऊन आधी माझ्याकडे आली. "बाई, तुमी लिवन दिल्यात तर बाकीचीय देतली."

"अगो, माझ्याकडे तू दोनच महिने होतीस. वर्षाचं मी कसं लिहू?" आणि हे खरं होतं बघा! सहाही घरी गेली, सहाही घरी हेच खरं बोलणं ऐकून आली. एक ना धड, भाराभर चिंध्या. "बाईंची सही होऊ दे, मग आमची धर," असंही सगळ्यांनी सांगितलं. ती परत माझ्याकडे आली. मी म्हटलं, "कागद ठेवून जा. रविवारी दीर येतायत, त्यांना विचारते." सभा शनिवारी होती. हेसुद्धा मला माहीत होतं.

सभेत विचारणा झाली, "हिला वर्षभर कुणी ठेवली? जरा उभे राहा." आम्ही सहाजणी पुढच्याच रांगेत होतो. ती भिंतीला टेकून उभी, पोर तिच्या हाताला. मी पदर नीट केला. शेजारणीने चष्मा पुसला. उठलं कुणी नाही. बालवाडीच्या खोलीत सभेच्या खुर्च्या ठेवायचं ठरलं.

रविवारी मी दिराला न विचारता सही केली. तो दोन शब्द ओरडला आणि जेवायला बसला. एवढंच! वरातीमागून घोडं ते. नंतर वकिलाने सांगितलं की असल्या सहीने कुणी मुंडकार होत नसतं. पण ते आधी कुणी विचारलं होतं?

कागद घेऊन मी धावत गेले. शेवटच्या घराच्या मागल्या अंगणात ती पोरीची ट्रंक बांधत होती. कागद तिने वाचला आणि घडी घालून माझ्याच हातात ठेवला.

"रवांदे, बाई. आता तुमका भियाचा कारण नाय."

ती चिडून बोलली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटली, अजून वाटते. मी दोरीचं टोक धरायला वाकले, तिने ते माझ्या हातून सोडवून घेतलं.

पोर ट्रंकेवर बसली. "गो आये, आयतवारी येतलंस मां?"

"सुट्टी गावली तर," ती म्हणाली आणि गाठ मारत राहिली.