बदलायचा फिल्टर

"भंगारवाल्याला सांगून ठेवलंय मिस्त्री. तुमी फकस्त 'आता न्हाई व्हत' म्हणा. बापाला तुमचंच पटतं."

प्रकाश राठोड मला बाजूला घेऊन हळूच सांगत होता. तिकडे त्याचे वडील, सोमलाकाका, ट्रॅक्टरला बांधलेला दोर सोडत होते. दोराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा जुना ट्रक होता. पुढे लांब नाक असलेला, माझ्याही आधी जन्मलेला. नव्वदच्या दशकाचे शेवटचे दिवस होते. हिंगोलीत नांदेड रस्त्यावर माझं गॅरेज होतं. साऱ्या जिल्ह्यात तसला ट्रक दुसरा चालू असेल असं मला वाटत नाही.

मी बॉनेट उघडलं. इंजिन चांगलं होतं. फुटलं होतं ते ऑइल फिल्टरचं भांडं.

ज्यांना गाड्यांतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनात ऑइल सतत फिरत असतं. वाटेत त्यात काजळी आणि धातूचा कीस मिसळतो. ते गाळायला फिल्टर. गाळलेलं ऑइल पुढे बेअरिंगला जातं. बेअरिंगला ऑइल मिळालं नाही किंवा घाण मिळाली, की खेळ खलास. या इंजिनाला बिडाचं एक भांडं थेट ब्लॉकला बोल्ट केलेलं होतं. ते बोल्टच्या कानापाशी तडकलं होतं आणि ऑइल भळभळा वाहत होतं. कंपनी कधीच बंद पडलेली. नांदेडच्या आणि हैदराबादच्या भंगार बाजारात मी माणसं पाठवली. ती हात हलवत परत आली.

"मग?" काकांनी विचारलं.

"रिमोट फिल्टर लावून बघू."

प्रकाश हसला. "ट्रकला आता टीव्हीचा रिमोट?"

रिमोट म्हणजे दूर ठेवलेला, एवढंच. भांडं काढून टाकायचं. तिथे लोखंडी प्लेट बसवायची. प्लेटमधून दोन पाइप काढायचे, एक ऑइल बाहेर नेणारा आणि एक परत आणणारा. हे पाइप लांब चासीपर्यंत न्यायचे आणि तिथे ट्रॅक्टरचा आजकालचा फिल्टर लावायचा. हा फिल्टर म्हणजे पत्र्याचा बंद डबा. हाताने फिरवून घट्ट करायचा, की झालं.

प्रकाशचा चेहरा उतरला. त्याला गोरेगाव-सेनगाव लाईनवर प्रवासी जीप टाकायची होती आणि ट्रकचं लोखंड मोडून सुरुवात करायची होती. बापलेक आपसात गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, बोलले. मला अर्धंमुर्धं कळलं. शेवटी प्रकाश माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "करा. पण या टायमाला बंद पडली तर मी ऐकणार न्हाई. सीधा भंगार."

 तो गेल्यावर काका म्हणाले, "मिस्त्री, या वयात दुसऱ्याच्या गाडीवर मला कोण बसवल? हिच्याबिगर मी काय करू, घरी बसून माश्या मारू?"

त्यांच्या आजाकडे पाठीवर ओझं वाहणारे बैल होते. तांड्याबरोबर मीठ-धान्य वाहायचे. बैल गेले, शेती आली. पण राठोडांच्या घरातलं वाहणं काही सुटलं नाही. काकांनी या ट्रकमधून कापूस वाहिला, हळद वाहिली, लग्नाची वऱ्हाडं वाहिली. शिरड शहापूरकडचे धनगर शेरडं-मेंढरं बाजाराला आणायला त्यांनाच बोलवायचे. काका गाडी संथ चालवतात, जनावर पडत नाही, म्हणून.

मी कामाला लागलो. प्लेट लेथवर करून घेतली. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे पाइप नांदेडहून आणले. त्यांना प्रेशर सोसतं. साधा रबरी पाइप लावला असता तर सेनगावपर्यंतही टिकला नसता. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा एका जोडावर ऑइल पाझरलं. तांब्याचा वायसर लाल होईतो तापवून पाण्यात बुडवला, म्हणजे तो मऊ होतो, आणि परत बसवला. पाझर थांबला. डॅशबोर्डावर ऑइल प्रेशरचा काटा वर चढला आणि तिथेच राहिला. काकांनी काट्यावरून डोळा काढला नाही.

निघताना मी त्यांना आणखी एक नवा डबा दिला.

"एक लावलेला हाय, एक जवळ ठेवा. महिना झाला की बदलायचा. ही गाडी काजळी लई करती."

"व्हय. बदलत जाईन."

"विसरायचं न्हाई काका."

"विसरतो कसा? बराबर बदलीन."

पावसाळा गेला. ट्रक चालत होता. कधी रस्त्यात दिसला की काका हॉर्न द्यायचे. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. गिऱ्हाईक पुष्कळ असतात. पण ज्या गाडीवर सगळ्यांनी पाणी सोडलं ती आपल्या हाताने चालते, याचा आनंद वेगळाच.

कापसाच्या दिवसांत प्रकाश गॅरेजात आला. मोटारसायकल स्टँडवर न लावता तशीच आडवी केली.

"चला. तुमच्या डब्यानं इंजिन खाल्लं."

साखरा गावाच्या अलीकडे ट्रक उभा होता. कापूस दुसऱ्या गाडीत भरून गेला होता. खाली रस्त्यावर ऑइलचा काळा डाग पसरलेला. मी वाकून पाहिलं. बेअरिंग जाम होऊन आतला रॉड तुटला होता. तो ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला होता. माझी मूठ जाईल एवढं भोक. तसला ब्लॉक मिळत नाही. वेल्डिंग टिकत नाही.

काका रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते. "काटा एकदम खाली आला मिस्त्री. मी लगेच बंद केली. लगेच केली."

प्रकाश आवाज चढवून म्हणाला, "चाळीस वर्सं त्या जुन्या भांड्यावर चालली. तुमी नवं लावलं अन् सहा महिन्यांत मेली. बोला आता."

मला राग आला. पाइप शाबूत होते, जोड कोरडे होते. चूक झाली असेल तर डब्यातच दिसेल, म्हणून मी डबा खोलला, छिन्नी घेतली आणि तिथेच त्याचं तोंड कापलं.

आत घडी घातलेला कागद असतो. ऑइल त्यातून गाळून जातं. तो कागद लगदा झाला होता. निम्मा जागेवर नव्हता. आणि त्या लगद्याला नुसत्या ऑइलचा वास नव्हता, डिझेलचा आणि कपड्याच्या सोड्याचाही होता.

काकांच्या सीटमागे एक कापडी पिशवी लटकत होती. मी ती काढली. आत दुसरा डबा. बाहेरून चकचकीत पुसलेला.

"हा नवा हाय का काका?"

"न्हाई. तो धुतलेला. उद्या बदलायचा व्हता."

मी तो डबा हातात फिरवून पाहिला. मग विचारलं, "दर महिन्याला धुत होते?"

"तर! तुमीच म्हणले ना, बदलायचा. एक अंगावर, एक वाळत. आपून धोतर बदलतो तसंच ना? डिझेलात बुडवायचो, मग सोड्याच्या पाण्यात खळबळायचो, दोन दिस उन्हात ठेवायचो. जुन्या भांड्यातलं कापड बी मी असंच धुत व्हतो. जिंदगीभर."

जुन्या भांड्यात खरंच जाड कापडाची गादी होती. ती धुतली की चालायची. डब्यात कागद असतो. धुतल्यावर बाहेरची घाण आतल्या बाजूला उतरते, आणि आतल्या बाजूनंतर गाळायला काहीच नाही. ती सरळ बेअरिंगला जाते. मागोमाग कागदाचे तुकडेही जातात. काकांनी जितकं मन लावून धुतलं तितकं इंजिन लवकर मेलं.

हे मी त्यांना सांगितलं.  फिल्टर माझ्या हातात उघडा होता आणि ते त्याच्याकडे बघत होते.

"पत्र्याच्या डब्यात कागद?" ते म्हणाले. "मला वाटलं जाळी हाय."

प्रकाशचा आवाज खाली आला. "बाबा, काहून धुतलं ओ? नवा कितीला येतो?"

"चांगला तर व्हता. चांगलं कुणी फेकतं का?"

 वाऱ्याने रस्त्यावरचा सांडलेला कापूस ऑइलच्या डागात येऊन चिकटत होता.

ट्रक तिथूनच भंगारात गेला. नंतर प्रकाशने जीप घेतली. माझ्यावरचा त्याचा राग गेला होता, बापावरचा त्याने बहुतेक बोलून दाखवला नाही. उन्हाळ्यात तो जीप सर्व्हिसिंगला घेऊन आला तेव्हा काका सोबत होते. स्टेअरिंगवर अर्थातच नव्हते. ते फार वाळले होते. मी जीपचा फिल्टर काढून बाकावर ठेवला आणि नवा लावत होतो. पाहतो तर काका जुना फिल्टर हातात घेऊन उभे.

"मिस्त्री, हा फेकायचाच ना?"

"व्हय काका. फेकायचा."

"धुवून बी कामाचा न्हाई?"

"न्हाई."

ते गॅरेजच्या मागे भंगाराच्या ढिगापर्यंत गेले. जरा वेळ उभे राहिले. मग त्यांनी तो वाकून, दोन्ही हातांनी, खाली ठेवला. फेकला नाही. परत येऊन बाकावर बसले.

तेव्हापासून मी कुणालाच 'फिल्टर बदला' म्हणत नाही. 'जुना फेका, नवा लावा' असं म्हणतो, आणि त्याच्या देखत जुन्याच्या बुडात छिन्नी घालून भोक पाडतो. गिऱ्हाईक म्हणतात, मिस्त्री उगाच तोडफोड करतो. करतो खरा.