शनिवारचा इस्त्रीचा शर्ट

सक्करदऱ्याच्या आमच्या वाचनालयातला ग्रंथपाल पुस्तकांबद्दल चकार शब्द बोलत नाही. मी काउंटरला टेकून एखाद्या कादंबरीचा नाट्यप्रयोग सुरू केला, की तो चष्मा पुसत म्हणतो, "झालं काय? मागं लाइन लागून राहिली." फक्त शनिवारी त्याचा शर्ट इस्त्रीचा असतो, कारण शनिवारी एक निवृत्त शिक्षिका पुस्तक बदलायला येतात. हे साऱ्या वाचनालयाला ठाऊक आहे, त्या बाईंना सोडून.

परवा त्या सभासदत्व बंद करायला आल्या. लेकीकडे पुण्याला कायमच्या निघाल्या होत्या. त्यानं टेबलाखालून एक कादंबरी काढून त्यांच्यापुढे ठेवली. मी ती वाचली होती. तीस वर्षं शेजारी राहून मनातलं न बोललेल्या आणि त्याच पश्चात्तापात म्हाताऱ्या झालेल्या माणसाची गोष्ट. अख्ख्या पुस्तकात कोणी रडत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं होतं.

"आता परत कशी करू मी?" बाई म्हणाल्या.

"राहू द्या तुमच्याजवळच."

"काहून? एवढी चांगली आहे काय?"

त्याचे कान लाल झाले. तो माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा ना भाऊ. तुम्हाले जमते."

मग मी सांगितलं. हातवारे केले, आवाज कापरा केला, त्या माणसाचं न बोललेलं एकेक वाक्य बोलून दाखवलं. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पुस्तक छातीशी धरलं आणि निघताना आभार मानले, ते माझे.