बोलक्या डब्यातला बदली कामगार

सुनेनं सासूच्या तोंडात स्वतःचे शब्द घातले, अशी कुजबूज त्या इमारतीत एकदा उठली होती. उगम समोरच्या दारातली शिवणवाली. तिच्याकडे पँट आखूड करायला गेलेलं माणूस येताना पँट आणि चार बातम्या घेऊन यायचं, आणि बातम्या मात्र कधी आखूड नसायच्या.

"म्हातारीचा तो बोलका डबा आहे ना," शिवणवाली तोंडातली टाचणी काढून सांगायची, "त्यातून म्हातारी नाही बोलत, सून बोलते! वाक्यं आधीच भरून ठेवलीत मेलीनं. नाहीतर जी बाई लग्नाच्या दिवसापासून सुनेचं नाव काढलं की नाक मुरडायची, ती एकदम 'माझी सून हुशार आहे' म्हणेल? या कानांनी ऐकलंय मी!"

युक्तिवाद बिनतोड होता. सासूबाईंना ओळखणाऱ्या कुणालाही तो पटला असता, आणि सासूबाईंना सगळेच ओळखत होते. उभा जन्म त्यांनी लाँड्रीच्या काउंटरवर काढलेला. जीभ आणि इस्त्री, दोन्ही कायम तापलेल्या. कुणाच्या कॉलरला कसला रंग लागलाय हे त्याच्या बायकोआधी त्यांना कळायचं, आणि बायकोला कळायचं ते त्यांच्याकडूनच. अशा बाईला झटका आला आणि तो उजवा हात नि वाचा घेऊन गेला. डोकं मात्र जागच्या जागी राहिलं. म्हणजे दिसत सगळं होतं, कळत सगळं होतं, फक्त कुणाला सांगता येत नव्हतं. दुश्मनालाही देऊ नये अशी शिक्षा!

मग वाचा-उपचाराच्या केंद्रातल्या बाईंनी त्यांना तो डबा दिला. जुनाट, जडशीळ, ठोकळ्यासारख्या बटणांचा. डाव्या हाताच्या बोटानं एकेक अक्षर दाबायचं, शेवटी हिरवं बटण दाबलं की डबा ते वाक्य बोलून दाखवायचा. नव्या काचेच्या टॅब्लेटवर प्रयोग करून झाला होता. पण सासूबाईंचा हात थरथरायचा, एकदा टेकवलेलं बोट त्या काचेला पाच वेळा टेकल्यासारखं वाटायचं आणि 'पाणी'चं 'पपपपपाणी' व्हायचं. त्या उंच बटणांवर मात्र हात टेकवून ठेवता यायचा. तेव्हा डबा असेल तर बोलणं, नाहीतर पुसायच्या पाटीवर डाव्या हातानं कसाबसा एखादा शब्द.

आणि एका सकाळी डबाच मुका झाला. आतला आवाज ज्या कंपनीचा होता ती कंपनी बुडाली आणि जाताना आवाजाचा परवानाही घेऊन गेली.

आता सुनेकडे येऊ. सून एका लहानशा कंपनीत होती. गाडी लावली की पावती देणारी खांबासारखी यंत्रं असतात, त्यांच्या पोटातली ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळणं हे तिचं काम. सासूबाई पूर्वी काउंटरवर सांगायच्या, "आमची सून पार्किंगला असते." ऐकणाऱ्याला वाटायचं, शिट्टी फुंकत उभी असते. सासूबाई गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडायच्या नाहीत.

सुनेनं दुसरा आवाज शोधला. फुकट मिळणारा, माणसासारखा, छान. डब्यात घातला, हिरवं बटण दाबलं. डबा गप्प. पडद्यावर इंग्रजीत दोनच शब्द उमटले. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, बारीक अक्षरं वाचायची त्याला सवय. त्यानं मराठी करून सांगितलं, "आई, हा म्हणतोय, अवैध सूचना."

सासूबाईंनी पुसायची पाटी ओढली आणि थरथरत एकच शब्द लिहिला: "अटक?"

तिघंही हसली. पण हसून डबा बोलत नाही.

दुखणं साधं होतं. प्रोसेसर म्हणजे सांगकाम्या, त्याला ठरावीक सूचना कळतात. नव्या आवाजाला एक सूचना वारंवार लागायची: शून्य आणि एक यांच्या माळेत किती दिवे पेटलेत, म्हणजे एक किती आहेत, ते एका दमात मोजून सांग. नव्या प्रोसेसरना ते येतं. डब्यातला प्रोसेसर जुन्या वळणाचा, त्यानं ही सूचना जन्मात ऐकलेली नव्हती. ती आली की तो हात वर करायचा, ऑपरेटिंग सिस्टिम धावत यायची, बघायची आणि आवाजाच्या कार्यक्रमाला, म्हणजे प्रोग्रॅमला, सरळ हाकलून द्यायची. आवाजाचा कार्यक्रम सीलबंद, त्यात हात घालायची सोय नाही. पण ऑपरेटिंग सिस्टिम उघडी होती आणि ती तर सुनेची घरची शेती.

"हाकलायचं कशाला?" ती नवऱ्याला म्हणाली. "सिस्टिमनं तिथल्या तिथे एकेक दिवा मोजायचा, उत्तर जागेवर ठेवायचं, बोट पुढच्या ओळीवर ठेवायचं आणि म्हणायचं, चल, झालं तुझं काम. कार्यक्रमाला पत्ताही लागणार नाही की ते प्रोसेसरनं नाही केलं."

"म्हणजे बदली कामगार."

"हां. बदली कामगार."

रविवारी जेवणाच्या टेबलावर, एका बाजूला भाजीची टोपली सरकवून, तिनं तो बदली कामगार लिहिला. मोजणीचं काम ते केवढं, पोरखेळ! डब्यात घातलं. सासूबाई नीट केस बांधून बसल्या होत्या. हिरवं बटण दाबलं आणि डबा जो गोठला तो गोठलाच. पूर्वी निदान अवैध तरी म्हणायचा, आता पडदाही हलेना. चालू-बंद करून पुन्हा तेच. लिहिलेलं तिनं उलटसुलट वाचलं, चूक सापडेना.

पुढचा रविवार तसाच गेला. मग सासूबाईंनी पाटी उशीखाली सारली ती बाहेर काढेनात. काही विचारलं की मान हलवायच्या, तीही अर्धवट. वाचा-उपचाराच्या बाई घरी आल्या, बघून गेल्या, आणि दारात हळूच म्हणाल्या, "डबा नसला तरी चालेल असं त्यांनी मनाशी ठरवायला नको. एकदा माणसानं सांगायचं सोडलं की मग डबा मिळूनही उपयोग होत नाही."

सुनेला ते लागलं. ज्या जिभेचे चटके इतकी वर्षं सोसले, ती गप्प झाल्यावर घर थंड पडलं होतं. स्वयंपाकघरात तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. पातेलं आपटलं तरी कुणी काही म्हणत नव्हतं.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी नवरा आईचं मन रमवायला लाँड्रीच्या जुन्या गोष्टी काढून बसला. "आई, तो बदली इस्त्रीवाला आठवतो का? अगं ऐक," तो बायकोला म्हणाला, "आमचा इस्त्रीवाला गावाला गेला, म्हणून आईनं एक बदली माणूस ठेवला. माणूस गोड, कपडे घेऊन जायचा, पण परत काही येईनात. शेवटी कळलं, या पठ्ठ्याला इस्त्री येतच नव्हती! तो गठ्ठा गुपचूप पलीकडच्या लाँड्रीत द्यायचा. पलीकडचा इस्त्रीवालाही आजारी, तो गठ्ठा पाठवायचा आमच्याकडे. आई पावती फाडून पुन्हा याच्याच हातात द्यायची! गिऱ्हाईक उघडंनागडं दारात उभं आणि त्याची पँट आपली गल्लीत चकरा मारतेय!"

सासूबाईंच्या खांद्यांना हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी.

सून हसली नाही. ती हातातली वाटी तशीच धरून उभी राहिली. "बदली माणसानंच बदली शोधला," ती पुटपुटली.

"तेच म्हणतोय मी."

"तू गप रे." वाटी खाली ठेवून तिनं लॅपटॉप उघडला.

तिनं काय लिहिलंय ते ती आजवर वाचत होती. प्रोसेसरच्या हातात शेवटी काय पडतं, ते तिनं बघितलंच नव्हतं. मधे बसतो कंपायलर, आपलं लिहिणं प्रोसेसरच्या भाषेत उतरवून देणारा. ऑफिसच्या सवयीनं तिनं त्याला सांगून ठेवलं होतं, प्रोसेसर नवा आहे, त्याची सगळी हुशारी वापर. कंपायलर पडला दीडशहाणा. त्यानं पाहिलं, ही बाई एकेक दिवा मोजत बसलीय, आणि विचार केला, एवढी यातायात कशाला? यासाठी एका दमात मोजायची तयार सूचना आहे की! त्यानं तिचं सगळं लिखाण पुसून तिथे तीच एक सूचना ठेवली. जी डब्याला येत नव्हती, तीच. म्हणजे प्रोसेसर अडला की बदली कामगार यायचा, पहिल्याच पावलाला स्वतः अडायचा आणि बदली कामगाराला हाक मारायचा. तो यायचा, अडायचा, हाक मारायचा. पँट गल्लीत चकरा मारत होती!

सून खुर्चीत मागे रेलून इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं. सासूबाई संशयानं बघू लागल्या. आपल्यालाच हसते की काय?

"अहो आई, तुमचा इस्त्रीवाला सापडला! डब्यातच बसला होता!"

दुरुस्ती एका ओळीची होती. कंपायलरला दम भरायचा: या जुन्या प्रोसेसरला जेवढं येतं तेवढ्यातच भागव, जास्त शहाणपणा नको. डबा पुन्हा सुरू केला. सासूबाईंनी या वेळी केसबिस बांधले नाहीत. एकेक ठोकळा दाबत गेल्या, हिरवं बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. नवऱ्यानं डोळे मिटले. आणि मग डबा स्वच्छ, खणखणीत बाईच्या आवाजात बोलला:

"भाजीला मीठ कमी होतं."

"कधी?" सून म्हणाली.

बटणं. जरासा थांबा. "दोन्ही रविवारी."

सून स्वयंपाकघरात गेली आणि तिथे उभी राहून तिनं पदराला... नाही, पदर कुठला, टी-शर्टच्या बाहीला डोळे पुसले.

तो मधला थांबा कायम राहिला. नवा प्रोसेसर जे एका दमात करतो ते बदली कामगार मोजून मोजून करणार, वेळ लागायचाच. पण त्याचा एक भलताच फायदा झाला. लाँड्रीवाल्या बाई हल्ली विचार करून बोलतात, अशी त्यांची ख्याती पसरली. आयुष्यात पहिल्यांदाच! केंद्राच्या कपाटात असेच मुके डबे धूळ खात पडले होते. उपचाराच्या बाई ते पिशवीत घालून घेऊन आल्या, सुनेनं त्यांतही बदली कामगार बसवला, आणि एकेक डबा आपापल्या घरी जाऊन कुरकुरायला लागला.

मग एका दुपारी शिवणवाली समाचाराला आली. बसता बसताच सुरू झाली, "काय वहिनी, आमची सून बघा, स्वतःचं दुकान काढतेय. तुमची अजून पार्किंगलाच का?"

सासूबाईंनी डबा पुढ्यात ओढला. बटणं दाबली. थांबा. मग डबा म्हणाला, "माझी सून हुशार आहे." शिवणवाली चहा अर्धा टाकून उठली आणि पुढे काय झालं ते इमारतीला ठाऊकच आहे.

डब्यात एकही वाक्य आधीपासून भरलेलं नव्हतं. ते वाक्य सासूबाईंनी स्वतः, डाव्या हाताच्या बोटानं, एकेक अक्षर दाबून लिहिलं. सून त्या वेळी ऑफिसात होती.