रोल नंबर सतरा

१ जुलै २०२४, सोमवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. माझ्या वहीत या नोंदीखाली पहिला आकडा आहे तो जिन्याच्या रुंदीचा : एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर. शाळा भरायला वीस मिनिटे होती आणि मी प्रयोगशाळेतली टेप घेऊन पहिल्या पायरीवर ओणवी झाले होते. खाली कुलूप काढत असलेल्या शिपायाने वर पाहिले.

"मैडम, सीढ़ी का सूट सिलवाना है क्या?"

मी हसले, पण मोजणे थांबवले नाही. मला भीती वाटू लागली की मी मोजू लागते. माझा जन्म लातूर जिल्ह्यातला, मोठ्या भूकंपानंतर काही वर्षांनी झालेला. मी तो पाहिला नाही. पण आमच्या घरात आजही कपाटावर जड वस्तू ठेवत नाहीत आणि झोपताना दाराची कडी लावत नाहीत. आईने कधी कारण सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. पुढे मी भौतिकशास्त्र शिकले, कंपनांचे गणित शिकले, आणि नोकरीसाठी दिल्लीत आले. इथे वर्षातून दोन-चारदा पंखा आपोआप झुलतो, लोक सोसायटीच्या ग्रुपवर "फील हुआ?" असे विचारतात आणि पुन्हा चहाकडे वळतात. मला चहाकडे वळता येत नाही.

आमची शाळा द्वारकेच्या कडेला, लष्करी छावणीच्या कुंपणापासून चालत दहा मिनिटांवर. 'आमची' म्हणजे मुलींची माध्यमिक शाळा : बैठी इमारत, सहा वर्ग, मध्ये कडुनिंब. भिंतीपलीकडे मुलांची शाळा : तळमजला आणि वर तीन मजले. त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही शाळा एक करण्यात आल्या. भिंत फोडून तिथे फाटक बसवले, आमची इमारत जुनी म्हणून बंद केली आणि चारशे बारा मुली सातशे एकतीस मुलांच्या इमारतीत हलवल्या. बेरीज अकराशे त्रेचाळीस. जिना मात्र पूर्वीइतकाच, म्हणजे एक मीटर बेचाळीस.

माझ्याकडे नववीचा मुलींचा वर्ग होता आणि त्याला खोली मिळाली तिसऱ्या मजल्यावर. वर्गातली सतरा क्रमांकाची मुलगी साताऱ्याकडच्या एका हवालदाराची. जन्मापासून तिचा उजवा पाय अशक्त होता. काखेत कुबडी घेऊन ती चालत असे. वर्गात आम्ही दोघीच मराठी बोलणाऱ्या, पण ती मलाही सगळ्यांसारखी 'मैम'च म्हणायची. बैठ्या शाळेत तिच्यासाठी दोन रीती आपोआप पडल्या होत्या. शाळा सुटली की ती पुढे चालायची आणि तिच्या मागे, तिच्याच वेगाने, सगळा वर्ग. कोणीही तिला ओलांडून जायचे नाही. दुसरी रीत हजेरीची. प्रार्थनेनंतर अंगणातून वर्गात यायला तिला दोन मिनिटे जास्त लागत, म्हणून 'सतरा' पुकारला की शेजारची मैत्रीण "प्रेझेंट मैम" म्हणून टाकायची. सहावीपासून हे चालत आलेले. मलाही ठाऊक होते. दोन वर्षे मी त्या आवाजावर खूण करत आले होते. ती येणारच असायची, आणि यायचीच.

नव्या इमारतीत पहिली रीत तीन दिवसही टिकली नाही. शाळा सुटली, माझ्या मुली नेहमीप्रमाणे तिच्या मागे एकेक पायरी उतरू लागल्या आणि वरून दहावीची मुले येऊन थडकली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी कठड्याला पाठ लावून उभी होते. समोर डोकी, दप्तरे, कोपर. वरून ओरडा : "अरे आगे कौन बैठा है? मालगाड़ी है क्या?" माझ्या मुली हलल्या नाहीत. एकीने मागे वळून फटकारले, "तेरी शादी छूट रही है क्या?" हशा पिकला. मी हसले नाही. कठड्याच्या गजांत मला कंप जाणवत होता. तिला सांभाळण्यासाठी मुलींनी धरलेली तीच ओळ आता जिन्यात बसलेले बूच झाली होती. वरचा दाब एका क्षणी सुटला, तर तो सर्वांत पुढे कोणावर येणार, हे काढायला गणिताची गरज नव्हती.

मी खेळाच्या सरांना भेटले. ते मुलांच्या शाळेतले जुने शिक्षक. मोठ्या आवाजाचे, मनाने वाईट नाहीत. त्यांच्याशी बोलून ठरले ते असे : तिने वर्गातच थांबायचे, जिना रिकामा झाला की मी तिला घेऊन उतरायचे. मुलींना हे आवडले नाही. तिची ती मैत्रीण तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. फाटकाशी तिची आई भेटली, पदर सावरत म्हणाली, "मॅडम, हिचे बाबा म्हणतायत, जिन्यावर काही झालं तर हिला गावी काकांकडे ठेवू. गावात शाळा आठवीपर्यंतच आहे. म्हणजे संपलंच की हो." मी म्हणाले, "काही होणार नाही." माझ्या शिक्षणात असे विधान करायला मला कोणी शिकवलेले नाही.

ऑगस्टमध्ये भूकंपाची कवायत आली. प्राचार्यांनी स्वतःच लक्ष्य ठरवले : सगळी शाळा पाच मिनिटांत आमच्या जुन्या अंगणातल्या कडुनिंबाखाली. विलीनीकरणानंतरचा तो पहिला अहवाल होता आणि तो चांगला जायला हवा होता. वर्गात मी नियम शिकवले. घंटा झाली की बाकाखाली, डोके हातांनी झाकायचे, आवाज करायचा नाही. दुसऱ्या घंटेला बाहेर. त्या दिवशी सकाळी प्राचार्यांनी माझ्या हातात स्टॉपवॉच ठेवले. "आप साइंस वाली हैं, टाइम आप लेंगी।" मला अभिमान वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही. संशोधनासाठी मी केलेल्या अर्जाला त्यांचे ना-हरकत पत्र हवे होते आणि ते त्यांच्या टेबलावर पडून होते. मी स्टॉपवॉच घेऊन अंगणात गेले. तिला आणायचे काम खेळाच्या सरांकडे जाईल असे मी गृहीत धरले. मॅडम आणतील असे त्यांनी. दोघांपैकी कोणीही ते बोलून दाखवले नाही.

घंटा झाली. दुसरी घंटा झाली. मुले धुळीसह बाहेर लोटली, ओळी लागल्या, प्रत्येक वर्गशिक्षकाने हजेरी घेतली. मीही घेतली, एक डोळा घड्याळावर ठेवून. "पंधरा." "प्रेझेंट मैम." "सोळा." "प्रेझेंट मैम." "सतरा." "प्रेझेंट मैम." मी खूण केली. अठरा. एकोणीस. शेवटच्या वर्गाचा हात वर गेला आणि मी आकडा वाचून दाखवला : चार मिनिटे पन्नास सेकंद.

"फ़ोर फ़िफ़्टी!" प्राचार्य ध्वनिक्षेपकावर ओरडले. "तालियाँ!"

अकराशे बेचाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या.

आकडा चुकलाय हे मला कोणी सांगितले नाही. मी ओळीकडे पाहिले, आणि सोळा व अठरा यांच्यामध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. मुलींनी सवयीने ती सोडून ठेवली होती. शेजारची मैत्रीण अजून टाळ्या वाजवत होती. तिने माझा चेहरा पाहिला, शेजारी पाहिले आणि तिचे हात तसेच हवेत राहिले.

"मैम, वो तो आपके साथ..."

मी धावले. रिकाम्या जिन्यात माझ्याच पावलांचा आवाज वरून पुन्हा खाली येत होता. पायऱ्यांवर एक चप्पल, एक पाण्याची बाटली. शहाऐंशी पायऱ्या मी मोजल्या. नको असताना मोजल्या गेल्या. वर्गाच्या दारात तिची कुबडी आडवी पडली होती, पायांनी ढकलली जाऊन बाकापासून चांगली चार मीटर लांब. आणि ती बाकाखाली होती. डोके हातांनी झाकलेले, डोळे मिटलेले.

"मैम? ड्रिल संपली का?"

"तू हाक का नाही मारलीस?" मी विचारले. माझा आवाज चढला होता.

"बोलायचं नसतं ना. तुम्हीच सांगितलं होतं."

आम्ही उतरलो. तिचा तळवा ओला होता, की माझा, ते कळले नाही. तिसऱ्या वळणावर ती थांबली आणि हळूच म्हणाली, "मैम, बाकाखालून सगळ्यांचे पाय जाताना दिसत होते. मग पाय संपले. मग टाळ्या ऐकू आल्या." कडुनिंबाखाली पोहोचलो तेव्हा माझ्या लक्षात आले की स्टॉपवॉच मी थांबवलेच नव्हते, नुसते वाचून दाखवले होते. त्यावर आकडा होता : अकरा मिनिटे चाळीस सेकंद.

मी तो अहवालात लिहिला, तेव्हा प्राचार्यांनी दार लावून घेतले.

"बैठिए. देखिए, ग्यारह-चालीस भेजेंगे तो ऊपर से एक ही सवाल आएगा, ऐसी बच्ची तीसरी मंज़िल पर क्यों? और ट्रांसफ़र किसका होगा? सीढ़ी का तो होगा नहीं."

मी म्हणाले की तळमजल्यावरची स्टाफरूम वर न्यावी आणि माझा वर्ग खाली आणावा. खेळाचे सर तिथेच बसले होते. "मैडम, पच्चीस टीचर रोज़ तीसरी मंज़िल चढ़ें? मेरे घुटनों का अहवाल भी आप ही लिखेंगी?" 'अहवाल' हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचललेला, चिडवताना ते तो मुद्दाम वापरत. प्राचार्य मात्र हसले नाहीत. अहवालाचा फॉर्म माझ्याकडे सरकवून म्हणाले, "सोच लीजिए. कल तक." माझे ना-हरकत पत्र त्यांच्या पेपरवेटखाली होते. ते त्याविषयी एक शब्दही बोलले नाहीत.

त्यांचा अंदाज चुकीचा नव्हता, म्हणून मी घाबरले. खरा आकडा लिहिला तर ती दूरच्या शाळेत जाईल, म्हणजे बहुधा कुठेच जाणार नाही. खोटा लिहिला तर ती शाळेत राहील, शहाऐंशी पायऱ्यांवर, आणि पुढच्या वेळी घंटा कवायतीची नसेल. दोन्ही बाजूंनी एकच मुलगी वजा होत होती. अशा उदाहरणाला माझ्याकडे रीत नव्हती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिलाच विचारले.

"तुझी वेळ लिहिली तर कदाचित तुलाच दुसरीकडे जायला सांगतील."

"आणि नाही लिहिली तर?"

"तर तू इथेच. वरच."

तिने डब्याचे झाकण लावले, काढले, पुन्हा लावले. "लिहा. बिल्कुल लिहा. पण बाबांना आधी मी सांगणार, तुम्ही नाही. तुम्ही सांगितलं तर ते घाबरतील."

मी लिहिले. पुढचे आठ दिवस प्राचार्य माझ्याशी फक्त कामापुरते बोलले. रोज सकाळी माझी नजर सोळा आणि अठरा यांच्या मधल्या जागेवर जाई. ती भरलेली दिसेपर्यंत मी फळ्याकडे वळत नसे. नवव्या दिवशी तिचे वडील आले, गणवेशात, ड्यूटीवरून थेट. मला वाटले, दाखला न्यायला आले. ते दारातच उभे राहिले.

"मॅडम, तुम्ही लिहिलंय ते खरं आहे ना?"

"हो. आणि सतरा नंबरवर खूण मीच केली होती."

ते म्हणाले, "आमच्याकडे गिनती एकाने चुकली ना, तर पूर्ण कंपनी उभी राहते. माणूस मिळेपर्यंत. जेवण नाही, काही नाही." मग त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला अर्ज काढला. त्यात मुलीला दुसरी शाळा मागितलेली नव्हती. तिच्या वर्गाला तळमजला मागितला होता. खाली छावणीच्या वसाहतीतल्या बावीस पालकांच्या सह्या होत्या. तो कागद घेऊन ते प्राचार्यांकडे गेले आणि मी बाहेर उभी राहिले. आतून आवाज येत नव्हता. मला ते जास्त भीतिदायक वाटले.

सप्टेंबरच्या मध्यावर स्टाफरूम वर गेली. पंचवीस शिक्षक रोज मला ऐकू जाईल अशा बेताने धापा टाकत. ना-हरकत पत्र अजून पेपरवेटखालीच होते.

महिन्याअखेरीस दुसरी कवायत झाली, या वेळी न सांगता. घंटा कवायतीची आहे हे मलाही माहीत नव्हते, आणि प्रयोगशाळेत मी आधी पंखा झुलतोय का ते पाहिले. मग कडुनिंब, धूळ, ओळी, हजेरी.

"पंधरा." "प्रेझेंट मैम." "सोळा." "प्रेझेंट मैम."

"सतरा."

कोणी बोलले नाही. शेजारच्या मैत्रिणीने स्वतःचे तोंड दोन्ही हातांनी दाबून धरले होते आणि तिचे डोळे भरले होते. मी पुढचा क्रमांक पुकारला नाही. घड्याळ थांबवले नाही. तीन मजले मी खालूनच नजरेने चढले, खिडकी खिडकी. माझा वर्ग आता तळमजल्यावर आहे हे त्या क्षणी मला आठवतच नव्हते. प्राचार्यांनी ध्वनिक्षेपक उचलला आणि माझ्याकडे बघून खाली ठेवला. सगळी शाळा उभी होती.

मग व्हरांड्याच्या कोपऱ्यावरून कुबडीचा आवाज आला, आणि तिचा, थोडा चिडलेला : "प्रेझेंट मैम. आवाज आला नाही का आधी? मी वर्गातूनच ओरडले होते."

उरलेले क्रमांक मी पुकारले. शेवटच्या वर्गाचा हात वर गेला, तेव्हा मी बटण दाबून घड्याळ थांबवले. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. वहीत जिन्याच्या रुंदीखाली मी लिहिले : हजर अकराशे त्रेचाळीस, वेळ सहा मिनिटे बारा सेकंद.